तुमच्या घरी आम्ही कधी यायचं?

दसरा उलटला की शहागडच्या गोदावरी पुलावर ट्रॅक्टरांची वर्दळ वाढते. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचे हे गाव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्याच्या टोकाला वसले आहे. पूल ओलांडला की बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका सुरू होतो. दोन्ही तीरांवरची कुटुंबे ऊसतोडीला निघालेली असतात. ट्रॉलीत कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, पत्र्याची पेटी, पाण्याचे हंडे, एखादी शेळी, आणि या साऱ्या पसाऱ्यात बसलेली लहान लहान मुले. बारा-तेरा वर्षांचे मूल मात्र अलीकडे पुष्कळदा त्या ट्रॉलीत नसते. ते रस्त्याच्या कडेला दप्तर घेऊन उभे असते आणि ट्रॉली दिसेनाशी झाली की वसतिगृहाकडे वळते.

ते ट्रॉलीत नसावे, वर्गात असावे, यासाठी महाराष्ट्रात बरेच झटावे लागले आहे. आधी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा भरल्या. मग मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आली. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जागा, आणि पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत आपले अंबड व घनसावंगी. शासनाची वाट न पाहता उभी राहिलेली माणसेही याच टापूत आहेत. नदीपलीकडे गेवराईत संतोष गर्जे यांचे 'बालग्राम' आहे, शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचे 'शांतिवन' आहे. छप्पर, ताट, वही आणि गणवेश या चार गोष्टी पुष्कळ मुलांपर्यंत पोहोचल्या, अजून पुष्कळांपर्यंत पोहोचायच्या आहेत. त्या कामाचे मोल कमी करण्याचा येथे उद्देश नाही. प्रश्न आहे तो त्यापुढचा, आणि तो संस्थाचालकांपेक्षा तुम्हा-आम्हाला अधिक लागू आहे.

चार वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने आम्ही शहागड परिसरातील एका वसतिगृहात मुलांना गोडाचे जेवण दिले. घरातली सारी मंडळी गेलो होतो. मुलांनी स्वागतगीत म्हटले. दोघांनी न अडखळता भाषण केले. एकेकाने पुढे येऊन नाव, इयत्ता, गाव आणि 'मोठेपणी मी कोण होणार' हे सांगितले. पुरी, मटकीची उसळ आणि शिरा असा बेत झाला. आम्ही वाढले, आम्हीही त्यांच्याच पंक्तीला जेवलो, छायाचित्रे काढली. मुले किती धीट आहेत, असे माझ्या मेव्हण्यांनी दोनदा बोलून दाखवले. निघताना हात धुवायला नळावर गेलो, तर तेथे आठवीतला एक मुलगा ताटे विसळत होता. त्याने मान वर न करता विचारले, "काका, तुम्ही आमच्याकडं येऊन जेवलात. आता तुमच्या घरी आम्ही कधी यायचं?"

मी काहीतरी पुटपुटलो. "या की एकदा" असे ते काहीतरी होते. गाडीत बसल्यावर मनात खजील झालो, आणि जालन्याला पोहोचेपर्यंत त्या खजीलपणाचे कारण नीट उमगेना.

पुढे ते उमगले. त्या प्रश्नात याचना नव्हती. ती गावाकडची साधी रीत होती. आपल्याकडे कोणी जेवून गेले तर तो आपल्यालाही एकदा बोलावतो, आणि बोलावले नाही तर ते लक्षात राहते. मुलाच्या लेखी तो यजमान होता आणि आम्ही त्याचे पाहुणे. आमच्या लेखी आम्ही दाते होतो आणि तो लाभार्थी. त्याच्या ठायी आत्मसन्मान पुरेपूर होता. त्याला जागा देण्याची तयारी आमच्यापाशी नव्हती. दरवर्षी असे दाते येत राहिले आणि त्याच्या प्रश्नाला 'या की एकदा' हेच उत्तर मिळत राहिले, तर दहावीपर्यंत तो मुलगा हा प्रश्न विचारणे सोडून देईल. मग आपण त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला बसवू.

आत्मसन्मान हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९६५ साली तो मोजण्याची दहा विधानांची एक पट्टी मांडली. आजही जगभर ती वापरली जाते. त्या दहांपैकी एकही विधान गुणपत्रिकेविषयी नाही, बक्षिसांविषयी नाही. मूल स्वतःला चारचौघांच्या बरोबरीचे मानते का आणि आपला कोणाला काही उपयोग आहे असे त्याला वाटते का, या दोन प्रश्नांभोवती ती सारी पट्टी फिरते. आता वसतिगृहातील एक दिवस या दोन कसोट्यांवर घासून पाहावा.

पहाटे घंटा होते, मुले उठतात. घंटा होते, प्रार्थना. घंटा होते, नाश्ता. कोणते कपडे घालायचे, काय खायचे, कोणाशेजारी झोपायचे, केव्हा दिवा मालवायचा, हे सारे आधीच ठरलेले. 'मी'ला येथे फारसे काम नसते, सारा कारभार 'आम्ही'चा. यात अधीक्षकांचा दोष नाही. शंभर मुले, मोजके कर्मचारी आणि उशिरा येणारे अनुदान अशा स्थितीत घंटेवाचून गाडा चालणार कसा? आपल्या वाचकांना शिस्तीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. पण घंटेने उठणारा मुलगा घंटा नसेल तेव्हा उठतो की नाही, ही परीक्षा वसतिगृहात कधी होतच नाही. ती अठराव्या वर्षी, भाड्याच्या खोलीत होते.

एका अनुभवी गृहमातेने सांगितलेली गोष्ट येथे नोंदवतो. संस्थेत लहानाची मोठी झालेली, बारावी झालेली मुलगी पहिल्यांदा एका ओळखीच्या घरी राहायला गेली. तिला चौघांचा चहा करायला सांगितला, तर ती पातेल्यापुढे नुसती उभी राहिली. शंभर जणांच्या चहाला किती साखर लागते हे तिला ठाऊक होते, चौघांना किती हे ठाऊक नव्हते. ती मुलगी गुणी होती. उत्तम रांगोळी काढायची, गीतेचे अध्याय तिला पाठ होते. लहान प्रमाणातले आयुष्य मात्र तिने कधी हाताळलेच नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जीवनकौशल्यांची दहाची एक यादी प्रसिद्ध केली. निर्णय घेणे, अडचणीतून वाट काढणे, आपले म्हणणे मांडणे, नाती जोडणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे, स्वतःचा राग व ताण आवरणे अशी ती यादी आहे. घरातील मूल यांपैकी एकही कौशल्य व्याख्यानातून शिकत नाही. त्याला पन्नासची नोट देऊन कोथिंबीर आणायला पाठवतात, तेव्हा ते हिशेब शिकते आणि दुकानदाराशी बोलणेही शिकते. दारात पाहुणे आले आणि आई स्वयंपाकघरात असली की "बसा, आई येतेच आहे" असे म्हणायला शिकते. भावाशी कडाक्याचे भांडते आणि त्याच रात्री त्याच्याच पांघरुणात झोपते. यातली एकही संधी वसतिगृहाच्या फाटकाआड नैसर्गिकपणे येत नाही, ती मुद्दाम आणावी लागते. म्हणून स्वागतगीतावरून धीटपणा मोजू नये. त्या दिवशी शंभर मुलांनी आम्हाला स्वतःविषयी पाठ केलेली माहिती दिली. आमच्याविषयी काही विचारणारा एकच निघाला, तोही नळावर, कार्यक्रम संपल्यानंतर.

मुलींच्या बाबतीत हा विषय आणखी गंभीर आहे. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. त्यामुळे मुलगी वयात आली की तिचे लग्न हा घराच्या हिशेबाचाही भाग होतो, आणि आई-बाप सहा महिने परगावी असताना तरुण मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची ही भीतीही खरी असते. वसतिगृहात असलेली मुलगी म्हणजे जिचे लग्न आणखी एक-दोन हंगाम पुढे गेले आहे अशी मुलगी. सुट्टीत ती गावी जाते, मामा-आत्या बसलेल्या असतात, स्थळ आलेले असते. तेव्हा तिला बोलावे लागते. ओरडून नव्हे, वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण ठामपणे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ सालचा आहे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक पुष्कळ शाळांच्या भिंतींवर रंगवलेला आहे. पण तो फिरवण्यासाठी बोलता यावे लागते, आणि त्याआधी आपले म्हणणे कोणी ऐकून घ्यावे इतके आपण मोलाचे आहोत, असे वाटावे लागते. वर्षभर जिने एकाही गोष्टीला 'नको' म्हटलेले नाही, आणि जिच्या 'नको'चे कोणी ऐकलेही नाही, तिला तो एक 'नको' ऐनवेळी कोठून सुचणार?

ज्यांना परत जायला गावही नाही, त्या अनाथ मुलांसाठी अठरावा वाढदिवस हाच मोठा कडा असतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, तरी त्या कड्याची उंची कमी झालेली नाही. गोव्यातील अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांची कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच संस्था सोडून त्या पुण्यात आल्या, मिळेल ते काम करीत शिकल्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसल्या. तेथे गाडे अडले ते प्रमाणपत्रापाशी. ज्याचे आई-बाप ठाऊक नाहीत, त्याने उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आणावा कोठून? त्यांनी हा प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपुढे नेला आणि २०१८ साली राज्याने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण लागू केले. आरक्षणाची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यातले अधिक मोठे वाटते ते हे की, अठराव्या वर्षी संस्थेच्या फाटकाबाहेर पडलेली एक मुलगी कार्यालयामागून कार्यालय पालथे घालते आणि 'माझे काय?' असे विचारते. ही धमक तिच्यापाशी होती. ज्यांच्यापाशी ती नव्हती, त्यांची नावे आपल्याला कळलेली नाहीत.

ही धमक पेरता येते का? महाराष्ट्राच्या भूमीत ती पेरून दाखवलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्माजींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. अठरापगड जातींची गरीब मुले तेथे एका पंक्तीला जेवत, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण ती मुले पाणी भरीत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि मग जेवत, ही गोष्ट आपण नुसती काटकसर म्हणून वाचतो. ती काटकसर होतीच. त्यापलीकडे ती एक दृष्टी होती: या घरात कोणी फुकटचे खात नाही, म्हणून कोणी कोणापुढे वाकत नाही. आणि ते घर होते, कारण तेथे लक्ष्मीबाई होत्या. मुलांच्या जेवणाची ददात पडली तेव्हा त्या माउलीने अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही काढून दिले. ज्यांच्यासाठी कोणी एवढे मोजले, त्या मुलांना स्वतःची किंमत वेगळी शिकवावी लागली नाही.

आपल्या परिवारातले उदाहरण द्यायचे तर यमगरवाडीचे देता येईल. तुळजापूर तालुक्यातील ही निवासी शाळा १९९३ साली सुरू झाली. जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी समाजाच्या मनातून तो गेला नव्हता. त्या शिक्क्याखाली वाढलेली पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्तांची मुले तेथे आली. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांची पाटी कोरी मानली नाही. रानातल्या पक्ष्यांची, सापांची, झाडपाल्याची जी माहिती मुलांनी सोबत आणली होती, तिला ज्ञान म्हणून मान दिला. २०२१ मध्ये प्रभुणे यांना पद्मश्री मिळाली, पण त्या कामाचे मर्म मला या एका गोष्टीत दिसते. आपल्याला काही येते आणि ते गुरुजींना येत नाही, हा अनुभव वसतिगृहातल्या मुलाला वर्षातून एकदा तरी आला पाहिजे. ऊसतोड कामगाराच्या मुलाला पाऊस, बैल, पाचट, पहाटेची थंडी आणि मजुरीचा हिशेब यांविषयी जे ठाऊक असते, ते माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला चाळीस वर्षांच्या वाचनातून आलेले नाही.

आता आपल्याकडे वळू. हल्ली मध्यमवर्गीय घरांत वाढदिवस आश्रमात साजरा करण्याची चाल पडली आहे. हेतू निर्मळ असतो. पण तेथे घडते काय? आपले मूल नवे कपडे घालून केक कापते आणि शंभर मुले टाळ्या वाजवतात. त्या शंभरांतल्या काहींना स्वतःची जन्मतारीखही ठाऊक नसते. मग छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरतात. काळजी आणि संरक्षणाच्या गरजेतील बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई केलेली आहे, याचा अनेकांना पत्ताच नसतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मुलाचे असे छायाचित्र कोणी अनोळखी माणसाने वाटत फिरावे, हे आपल्याला चालेल का? दिवाळीत आणि पंधरा ऑगस्टला या संस्थांत पाहुण्यांची रीघ असते. जुलैच्या पावसात, परीक्षेच्या आदल्या रात्री, मूल तापाने फणफणलेले असताना कोणी फिरकत नाही.

याच पाहुण्यांना अधीक्षकांना विचारून थोडे वेगळेही काही करता येते. दोन मुलांना बरोबर घेऊन आठवडी बाजार करावा, पैसे त्यांच्या हाती द्यावेत, घासाघीस त्यांना करू द्यावी. बँकेत त्यांच्याच हाताने स्लिप भरून घ्यावी. बाल न्याय नियमांनी प्रत्येक बालगृहात मुलांच्या समित्या सांगितल्या आहेत. त्या कागदावर आहेत की बसतात, एवढे आस्थेने विचारावे. शाखेत चौदा वर्षांच्या मुलाला गटनायक करतात आणि संध्याकाळी दहा घरांच्या दारांवर थाप मारायला पाठवतात. त्या दहा थापांनी त्याची भीड मोडते. तीच संधी वसतिगृहातल्या मुलाला द्यायला कोणाची हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे. त्या वसतिगृहाच्या अधीक्षकांशी मी पुढे याविषयी बोललो. ते म्हणाले, "एकदा घरी नेणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या वर्षी विसरतात. ते मूल मग आठवडाभर नीट जेवत नाही, अन् ते सांभाळावं लागतं मला." मुलांच्या सुरक्षिततेची त्यांची चिंता त्याहून मोठी होती. कोण कोणत्या हेतूने येतो हे कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून पालकांची संमती, बालगृह असेल तर बालकल्याण समितीची परवानगी, घराची चौकशी हे सारे सोपस्कार व्हायलाच हवेत, आणि जो त्यांचा कंटाळा करतो त्याने या वाटेला न जावे. रुमानियाच्या बुखारेस्ट शहरात २००० सालापासून संस्थांत वाढणाऱ्या १३६ बालकांचा दीर्घ अभ्यास झाला. संस्थेतून लवकर कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ अधिक चांगली झाली, असे त्यात दिसले. पण ती कुटुंबे मुलांना रोज सांभाळणारी होती. रविवारपुरते कुटुंब होण्यात मुलापेक्षा आपलीच हौस अधिक भागते.

त्या मुलाचे आई-वडील तेव्हा कर्नाटकात तोडीवर होते. फोनवर त्यांची संमती घेतली, आजीला भेटलो, अधीक्षकांनी अर्ज लिहून घेतला. संक्रांतीच्या सुट्टीत तो दोन दिवस आमच्याकडे आला. एस.टी.ने, माझ्याबरोबर, पण तिकीट त्याने काढले आणि सुटे पैसे मोजून खिशात ठेवले. पहिल्या दिवशी ताटात वाढलेले सारे मुकाट्याने संपवत होता. दुसऱ्या दिवशी भाजी नको म्हणाला, तेव्हा पत्नीला बरे वाटले. माझ्या मुलीशी त्याचा कॅरमवरून वाद झाला आणि तो वाद त्याने जिंकला. निघताना पत्नीने पाकीट पुढे केले, तर त्याने ते घेतले नाही. आपल्या पिशवीतून मात्र शेंगदाण्यांची पुरचुंडी काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. आजीने बजावले होते, पाहुणा म्हणून जातोयस, रिकाम्या हाती जाऊ नको.

तो आता अंबडला बारावीत आहे. आई-वडील यंदाही पुलावरून जातील. अधूनमधून फोन येतो, बहुधा पत्नीच्या मोबाइलवर. मागच्या खेपेला कॉलेजातील शिष्यवृत्तीचा अर्ज कोणीतरी चुकीच्या कारणाने परत केला होता. मी म्हटले, मी बोलू का त्यांच्याशी? म्हणाला, नको काका, मीच उद्या जाऊन विचारतो.